राळेच्या कारखान्याचं पांढरं निशाण

फार फार वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या राज्यात नावा बांधत असत. कुठलं राज्य ते विचारू नका. सांगितलं तर तिथली माणसं माझ्यावर रागावतील, आणि मी आधीच रागावलेलो आहे.

नावेत पाणी शिरू नये म्हणून तिच्या फळ्यांना राळेचा लेप देतात. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. तो तेलात घालून मोठ्या काहिलीत उकळायचा. खाली धगधगती भट्टी, वर उकळती राळ. एक थेंब विस्तवावर पडला तरी भडका उडायचा. म्हणून काहिलीशेजारी भिजवलेली जाड गोणपाटं ठेवत. भडका उडाला की दोघांनी दोन टोकं धरायची, गोणपाट वर टाकायचं आणि आग विझवायची.

राजा मनाचा चांगला होता. पण चांगल्या माणसाच्या हातून कधीकधी असा मूर्खपणा होतो, की तो दुष्टालाही सुचू नये. कारखान्यांत माणसं भाजू नयेत असं त्याला फार वाटे. म्हणून त्याने फर्मान काढलं. ज्या कारखान्यात वर्षभर कुणालाही इजा होणार नाही, त्याच्या छपरावर पांढरं निशाण लागेल. दसऱ्याला राजा स्वतः तिथे येईल, कामकऱ्यांच्या घरी नवे कपडे जातील आणि मुकादमाची हत्तीवरून मिरवणूक निघेल. मात्र एक माणूस जरी भाजला, तरी निशाण खाली उतरेल.

आता तुम्हीच सांगा, फर्मान निघालं म्हणून विस्तव थंड होतो का? माणसं पूर्वीसारखीच भाजत राहिली. ती फक्त सांगेनाशी झाली.

राळेच्या कारखान्यावर सात वर्षं निशाण फडकत होतं. आणि त्याच छपराखाली भट्टीच्या भिंतीला चीर पडली होती. चिरेतून हातभर ज्वाळा बाहेर यायची आणि काहिलीच्या काठापर्यंत पोचायची. कामकरी रोज सकाळी तिच्यात मूठभर ओली माती दाबत. दुपारपर्यंत ती माती वाळून गळून पडे. गवंड्याला बोलवावं, तर तो सरकारी माणूस. चीर कशी कळली, कोण भाजलं, असं तो विचारणार. म्हणून कुणी त्याला बोलावलं नाही. मुकादमाचं एक आवडतं वाक्य होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ते म्हणताना तो हसायचासुद्धा.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना राळ ढवळणारा एक कामकरी त्या ज्वाळेत सापडला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

संध्याकाळी मुकादम त्याच्या घरी आला. पाणी प्याला, हळहळला, आणि मग त्याच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, कुणी विचारलंच तर सांगा, तुमच्या हातून आमटी सांडली."

ती संतापली. माझ्या चुलीवर खापर का फोडता, असं तिने तोंडावर विचारलं. पण मागोमाग शेजारपाजारचे आले. आमच्या पोरांचा सण बुडवू नकोस, असं एकाने विनवलं. सात वर्षांचा मान तुझ्यापायी जाईल, असं दुसऱ्याने सुनावलं. शेवटी नवराच हळू आवाजात म्हणाला, जाऊ दे. तेव्हा विचारणाऱ्यांना तीही आमटीचंच सांगू लागली. दुसऱ्या दिवशी गावभर ती नवऱ्याला भाजणारी वेंधळी बाई ठरली.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी ही गोष्ट सांगितली नसती. नवरा घरी बसला तर बोभाटा होईल, म्हणून मुकादमाने त्याला कामावर बोलावलं. पट्टी बांधलेल्या हातावर लांब बाही ओढून तो पुन्हा काहिलीपाशी उभा राहिला. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी पाहिलं आणि आपापल्या कामाला लागले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, चिरेतली ज्वाळा काहिलीत शिरली. राळ पेटली. तो धावला, त्याच्या जोडीदारानेही गोणपाटाचं दुसरं टोक धरलं. पण भिजलेलं गोणपाट जड असतं, आणि भाजलेली बोटं मिटत नाहीत. त्याच्या हातातलं टोक सुटलं. ते पुन्हा उचलेपर्यंत छपराने पेट घेतला होता. चार माणसं आत राहिली. त्यांत तोही होता.

राजा आला. राखेशेजारी उभा राहून त्याने विचारलं, "सात वर्षं इथे कुणाला चटकासुद्धा लागला नाही. मग एकाएकी हे कसं झालं?"

मुकादमाने हात जोडले. "दैव, महाराज."

तेव्हा त्या मेलेल्या कामकऱ्याची बायको पुढे झाली. राजाकडे न बघता ती लोकांना म्हणाली, "बाह्या वर करा."

कुणी हललं नाही. तिने पुन्हा तेच सांगितलं. मग एका म्हाताऱ्याने बाही सारली, त्याच्यानंतर दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळ्यांनी. भाजल्याची खूण नाही असा एकही हात तिथे नव्हता.

राजाचा चेहरा उतरला. मुकादमाला बांधा, असं तो ओरडला.

"खुशाल बांधा," ती म्हणाली. "पण महाराज, आमची तोंडं काय त्याने एकट्याने बांधली? तुमच्या निशाणाने बांधली. आमच्या हावेने बांधली. नवरा भट्टीवर भाजला आणि आमटी सांडली म्हणून मी सांगितलं, तेव्हा मीही त्यातलीच. तुम्ही दरसाल आलात. निशाण आहे का, एवढंच वर मान करून पाहिलंत. एकदा खाली वाकून भट्टी बघितली असतीत, तर माझा माणूस आज जिवंत असता."

मुकादमाची मुकादमी गेली. त्याच दिवशी राज्यातली सगळी निशाणं उतरली आणि नवं फर्मान निघालं. धोका जो सांगेल त्याचा मान होईल, आणि धोका दूर होईपर्यंत काम बंद राहील.

फर्मानाच्या दुसऱ्या दिवशी गवंडी आला. छप्पर जळालं होतं, पण भट्टी उभी होती. त्याने चीर खरवडली, विटा बसवल्या, माती लिंपली आणि हात धुतले. सकाळी हाती घेतलेलं काम दुपारच्या भाकरीआधी संपलं. ती विधवा सबंध वेळ तिथे उभी राहून पाहत होती.

"एवढंसंच तर काम होतं," गवंडी म्हणाला. "मला आधी का नाही सांगितलंत?"



तात्पर्य : जिथे जखम लपवणाऱ्याला शाबासकी आणि धोका सांगणाऱ्याला बोल मिळतो, तिथे आग लागत नाही, ती सगळ्यांनी मिळून लावलेली असते.