मातीचा हौज

मशिदीपुढचा हा हौज बघा. काठोकाठ भरलाय, पण मातीनं. पाहुणे हसतात, म्हणतात, बुजवायचाच होता तर बांधला कशाला? हसू नका. आधी ऐका.

मोठ्या दुष्काळातली गोष्ट, असं सांगतात. विहिरी आटल्या, या हौजाच्या तळाशी तेवढं वीतभर पाणी उरलं. लोकांनी ते वजूसाठी राखलं. हात-तोंड-पाय धुतल्याशिवाय नमाज होत नाही, एवढंच त्यांना ठाऊक. मशिदीचे मुल्लाजी कातड्याची मशक घेऊन चार कोसांवर पाणी शोधायला गेलेले.

जुम्म्याच्या दुपारी, रुई पिंजणाऱ्या नदाफाची बायको हुरमतबी आली. कडेवर तापलेली लेक.

"चाचा, ओंजळभर द्या. पोरीची जीभ टाळूला चिकटलीय."

मुल्लाजींच्या जागी नमाज पढवणार होते म्हातारे कासमचाचा. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याच ओठांना भेगा पडलेल्या, पण त्यांनीही थेंब चाखला नव्हता म्हणे. "बेटी, हे अल्लाचं पाणी. आम्ही कोण देणारे? नमाज होऊ दे, उरेल ते तुझं."

हुरमतबी भिंतीला टेकून बसली. करणार काय? एकेकानं वजू केला. शेवटच्याला तर तळाशी फडकं भिजवून पिळावं लागलं. नमाज संपली तेव्हा पोर संपली होती.

आता मयताच्या अंघोळीला पाणी कुठलं? पोर तशीच झाकून ठेवली. उन्हं कलताना मुल्लाजी रिकामी मशक घेऊन परतले. म्हणाले, "पाणी नसेल तर पाक, स्वच्छ माती चालते."

हुरमतबीनं मातीवर तळवे टेकवले, झटकले, लेकीच्या तोंडावरून, हातांवरून फिरवले. मग विचारलं, "वजूलाही चालते?"

"चालते. पाणी पिण्यापुरतंच असेल, तरी चालते."

"मग दुपारी का नाही चालली?"

मुल्लाजींनी हे कधी सांगितलंच नव्हतं. पाणी होतं तोवर विचारलं कुणी?

पोरीचा चाळिसावा दिवस झाल्यावर तिनं पाटी उचलली. एकेक पाटी माती आणून हौज भरला. कुणाची अडवायची छाती झाली नाही. हात लावायला आले, त्यांना तिनं लावू दिला नाही. हे गाव माझं, त्याला शिव्या मी देईन; तुम्ही पाहुण्यांनी देऊ नका.

आजही हौज कुणी उपसत नाही. नळ आलाय, पलीकडं तोट्या आहेत. पण जुम्म्याला वजूआधी एक जण भरला तांब्या घेऊन इथं उभा राहतो, तीनदा विचारतो, "कोण तहानलेलं आहे?" कुणी नसतं. मग तो तांब्या या मातीवर ओततात. बघता बघता माती कोरडी.