पाणवठ्यावर उभी राहिलेली राणी

बाळांनो, फार वर्षांपूर्वी एका चातुर्मासात मी नेम धरला होता. दिवेलागणीला अंगणातल्या तुळशीपाशी पणती लावायची आणि मगच घरात यायचं. नेम अगदी साधा. पण त्याच वर्षी गावात दंगल उसळली. माणसं ओरडत पळत होती, सगळ्या आळीने दारं लावून घेतली होती, आणि माझा हात असा कापत होता की काडी पेटता पेटेना. देवाचं नाव घेतलं, कशीबशी पणती लागली. जरा वेळाने पाहते तो समोरच्या अंगणातही एक पणती! तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनात आहे. ऐका तर.

एका दाट रानात गव्यांचा एक मोठा कळप राहत असे. गवा म्हणजे रानातला बैलच म्हणा ना. अंग काळंभोर, पण गुडघ्याखाली चारही पाय पांढरेशुभ्र, मोजे घातल्यासारखे. त्या कळपाचा एक राजा होता, आणि त्याची राणी नदीपलीकडच्या कळपातून नुकतीच आलेली, वयाने अगदी कोवळी. कळपाची एक रीत होती. संध्याकाळी सगळे पाणवठ्यावर आले की राजाराणीने पाण्याकडे पाठ करून, झाडीवर नजर ठेवून उभं राहायचं. आधी वासरं पिणार, मग म्हातारे, मग बाकीचे. शेवटचं तोंड पाण्यातून वर येईपर्यंत राणीने पाण्याला तोंड लावायचं नाही. आली त्याच दिवशी राणीने हा वसा घेतला होता.

पुढे त्या रानात रानकुत्र्यांची टोळी शिरली. त्यांच्याशी झुंजताना राजाचा पाय फाटला आणि तो करवंदीच्या जाळीआड पडून राहिला. झालं, कळपात कुजबुज सुरू झाली. राजाचा धाकटा भाऊ टेकाडावर चढून गरजला, "दादा काही आता उठत नाही! आजपासून राजा मी. ज्याला जीव प्यारा असेल त्याने माझ्यामागे पळावं!" कुणी म्हणे जाऊ या, कुणी म्हणे थांबू या. या गोंधळात एक कोल्हा हळूच राणीपाशी आला. कळप फुटला तर रानकुत्र्यांच्या शिकारीतलं उष्टं त्याला मिळणार होतं. "राणीसाहेब," तो म्हणाला, "तुमचं माहेर पलीकडेच की! नदीला पाणी कमी आहे. इथे तुमचं आहे कोण?" राणीचे डोळे भरून आले. माहेर तिला रोजच आठवे. पण ती म्हणाली, "कोल्हेदादा, मी गेले तर वासरं कुणाच्या भरवशावर पाणी पितील?"

सूर्य बुडाला. सगळा कळप तहानलेला, पण उतारावर पाऊल टाकायची कुणाची छाती होईना. राजाची जागा रिकामी होती ना! तेव्हा राणी एकटीच खाली उतरली आणि पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. काळोखात अंग दिसेना, पण पांढरे पाय सगळ्यांना दिसत होते, आणि ते थरथरत होते. राजाची म्हातारी आत्या फणकारली, "अगं बाई! हिचेच पाय लटपटताहेत, आणि ही आम्हाला राखणार! परकी पोर ती परकीच." राणी म्हणाली, "लटपटताहेत खरे, आत्याबाई. मला फार भीती वाटतेय. पण जागचे हललेत का, तेवढं बघा."

एक वासरू आईला न विचारताच धावत आलं, राणीच्या पोटाखालून गेलं आणि घटाघटा पाणी पिऊ लागलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. इतक्यात झाडीतून शीळ आली. रानकुत्रे भुंकत नाहीत बरं, शीळ घालतात. डावीकडून शीळ, उजवीकडून शीळ, आणि झुडपाझुडपांतून चमकणारे डोळे. "पळा!" दीर टेकाडावरून ओरडला. कळप शहारला. एक जरी पळाला असता तरी वासरं तुडवली गेली असती, उरलेली कुत्र्यांनी टिपली असती. सगळ्यांनी त्या पांढऱ्या पायांकडे पाहिलं. पाय कापत होते, पण तिथेच होते. म्हातारी आत्या पुटपुटली, "देवा, सांभाळ रे," आणि लंगडत जाऊन राणीला खेटून उभी राहिली. तिच्या शेजारी आणखी एक, मग आणखी. पाण्याभोवती शिंगांचं कडं झालं आणि सगळी वासरं कड्याच्या आत आली.

आता बाहेर एकटा दीर उरला होता. रानकुत्र्यांनी माना त्याच्याकडे वळवल्या. तो जीव खाऊन धावत आला, पण कड्यात शिरायला जागाच नव्हती. "वहिनी!" तो ओरडला. राणी जरा सरकली आणि आपल्या शेजारची राजाची जागा तिने त्याला मोकळी करून दिली. "या भाऊजी, इथे उभे राहा. तोंड मात्र झाडीकडे हं." तो वळून झाडीकडे तोंड करून उभा राहिला. रानकुत्र्यांनी पुष्कळ घिरट्या घातल्या, पण पळेल त्याच्यामागेच त्यांना धावता येतं, आणि इथे कुणीच पळेना. शिळा हळूहळू लांब गेल्या. कोल्हाही उपाशीच गेला.

सगळ्यांचं पाणी पिऊन झालं. आत्या मऊ आवाजात म्हणाली, "आता तू पी, सूनबाई." राणी म्हणाली, "अजून एक तोंड राहिलंय, आत्याबाई." ती पाण्यात बुडी मारून ओलीचिंब झाली आणि तशीच करवंदीच्या जाळीकडे निघाली, पुढे दीर वाट काढत होता. राजाने तिच्या अंगावरचं पाणी चाटलं, डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारलं, "कळपात कोण कोण उरलं गं?"

"सगळे," राणी म्हणाली. मग ती पाणवठ्यावर परत आली आणि पाणी प्यायली.

तात्पर्य : भीती वाटण्यात कमीपणा नाही; भ्यालेल्या पायांनीही आपली जागा राखली, तर त्यांच्या आधाराने बाकीचे उभे राहतात. तेव्हा बाळांनो, तुम्हीही आज एक छोटासा नेम धरा, आणि ज्या दिवशी हात कापेल त्या दिवशी तर तो नक्की पाळा.