वठलेल्या झाडावरची मोजणी

त्या राज्यात काम कमी होतं आणि कामाबद्दलची बडबड जास्त. सुतार पक्ष्याला टोकरायला खोड मिळेना, तांबटाची टुकटुक कुणी ऐकेना, आणि पानं शिवून घरटी करून देणारी शिंपीण तर कित्येक दिवस नुसती चोच घासत बसलेली.

रिकामे किती, हे मोजायची तिथे एक पद्धत होती. टेकडीवर एक वठलेलं झाड होतं. ज्याला काम नाही त्याने मोजणीच्या दिवशी तिथे जाऊन बसायचं. भर दुपारी घुबड यायचं आणि ओरडायचं, "कोण रिकामं?" बसलेल्यांनी एकेक करून "मी" म्हणायचं. घुबड दोनदा विचारायचं, आणि दुसऱ्यांदा जेवढे "मी" येतील तो आकडा खरा. आता दुपारी घुबडाला धड दिसत नाही हे पोराटोरांनाही माहीत होतं. पण रात्री मोजायचं तर मोरमहाराज झोपलेले असायचे, आणि त्यांना उठवणार कोण?

तर हा आकडा किती येणार, याची साळुंक्यांना भारी खाज. त्यांनी समोरच्या सावरीच्या झाडावर बाजारच मांडला. "पन्नासच्या वर की आत? बोला, बोला!" कुणी दाणे लावायचं, कुणी किडे. एका बाजूला लावणारे वाढले की भाव हलायचा, आणि भाव हलला की अख्खं राज्य "अरेच्चा!" म्हणायचं. हळूहळू मोरमहाराजांनी वठलेल्या झाडाकडे बघणंच सोडलं. सकाळी पिसारा झटकला की पहिला प्रश्न, "सावरीवर काय म्हणतायत?"

शिंपीण आधी चोच मुरडायची. पण तिचं घर शेजारच्याच उंबरावर, एका फांदीपुरतं. तिथून तिला रोज संध्याकाळी दिसायचं की वठलेलं झाड गच्च भरलंय, पाय ठेवायला जागा नाही. आणि सावरीवर मात्र सगळे "आत"वर लावतायत! वेडेच की हो! तिचं डोकं गरगरायला लागलं. गेली आणि "वर"वर लावून आली. लावायला होतं काय तिच्याकडे? राहती फांदी लावली.

तांबटाने कपाळावर पंख मारला. "शिंपिणे, अगं अंडी घालायची वेळ आलीय तुझी! फांदी गेली तर कुठे घालशील, माझ्या डोक्यावर?"

"तुझं डोकं घसरडं आहे," शिंपीण म्हणाली. "आणि जाते कशाला? जिंकले की अख्खा उंबर माझा. तुलाही देईन एक ढोली, रडू नकोस."

त्या दिवसापासून तिचं काहीतरी बिनसलं. आधी कुणाला काम लागलं की ती उड्या मारायची. आता एक "मी" कमी झाला म्हणून चडफडायची. तांबट एकदा धापा टाकत आला. "लागलं गं काम! रोज पहाटे महाराजांना टुकटुक करून उठवायचं!"

"मेल्या, आत्ताच लागायचं होतं? मोजणीनंतर नसतं का लागलं?"

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला रे. खूप झाला. पण थोडा नंतर झाला असता तर अजून झाला असता."

मग ती वठलेल्या झाडावर चकरा मारायला लागली. सुतार पक्षी काम शोधायला निघाला की म्हणायची, "भाऊ, ऊन बघा किती. आज नका जाऊ." शेपूट आपटत फिरणाऱ्या परटिणीला म्हणायची, "नदी आटलीय म्हणे, कुठे धुणार?" एवढ्या मायेने तिने आजवर कुणाची विचारपूस केली नव्हती.

मोजणीच्या दिवशी सकाळीच बुलबुलवहिनी आल्या, घाईघाईत. "ताई, घरटं शिवायचंय. आजच. पानं काढून ठेवलीत बघा."

कामं काय अशी दारात येतात? शिंपिणीची चोच शिवशिवली. पण हो म्हणावं तर वठलेल्या झाडावरचा एक "मी" कमी. "वहिनी, उद्या सकाळी आले तर?"

"उद्यापर्यंत माझी अंडी थांबतील होय? राहू दे, मी दुसरीकडे बघते," म्हणत वहिनी उडाल्या. शिंपिणीने मान फिरवली आणि वठलेल्या झाडाकडे भरारी घेतली.

झाड रिकामं होतं.

तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एक पीस नाही! संध्याकाळी इथे झोपायला येणारी ती सगळी मंडळी दिवसभर असायची कुठे, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. समोरच्या सावरीवर सुतार पक्षी दिसला.

"भाऊ! अहो, इकडे या, मोजणी आहे!"

"आलोच ताई, शेवटचा भाव बघून येतो!"

"परटिणे, तू तरी ये गं!"

"आले आले, जागा धरून ठेव!"

तेवढ्यात घुबड आलं, फांदीवर आपटलं, सावरलं. "कोण रिकामं?"

"मी," शिंपीण म्हणाली.

घुबडाने कान टवकारले. नुसता वारा. "एक!" ते ओरडलं, आणि सावरीवर असा काही जल्लोष उसळला की शिंपिणीला कळून चुकलं. फांदी गेली! साळुंक्यांच्या पाया पडावं, निदान पिल्लं उडेपर्यंत तरी राहू द्या म्हणावं, म्हणून ती तशीच सावरीकडे सुसाट सुटली.

सावरीवर बसायला जागा नव्हती. फांद्या वाकल्या होत्या, सुतार, परीट, कोतवाल, सगळे खांद्याला खांदा लावून, माना उंचावून बसले होते. "सरका रे, ताईला घ्या," कुणीतरी म्हणालं. ती कशीबशी दोघांच्या मधे घुसली आणि साळुंकीला हाक मारणार, तेवढ्यात टेकडीवरून घुबडाने दुसऱ्यांदा विचारलं, "कोण रिकामं?"

वठलेल्या झाडावर पान हललं नाही. पानं होतीच कुठे?

"शून्य!" घुबड हर्षाने ओरडलं. मोरमहाराजांनी पिसारा फुलवला, आणि सावरी मुळापासून हलेल इतक्या जोरात सगळं राज्य एका सुरात ओरडायला लागलं. गर्दीत चेंगरलेल्या शिंपिणीच्याही तोंडून, सगळ्यांबरोबर, एक बारीकशी शीळ निघून गेली.