सिस्टरबायने क्रूस खाडीत नेला

घटसर्प नावाचा आजार तुमच्यापैकी कोणी पाहिलाय का? नसेल, तर बरंच आहे. पोराच्या घशात पांढरट पडदा धरतो, मान सुजते आणि दोन-तीन दिवसांत श्वास अडतो. भुईबंदर गावात तो शिरला तेव्हा खाडीवर पूल नव्हता, गावात डॉक्टर नव्हता. औषधपाण्याला होती ती एकटी सिस्टर दुल्सिन.

ती घाटावरून आलेली नन. गुडघाभर चिखल तुडवत बाळंतिणीच्या घरी पोचायची, म्हणून कोळणी तिला सिस्टरबाय म्हणू लागल्या. तिचा आवाज ऐकला की अडलेलं मूल आपणहून वाट धरायचं, असं म्हणतात.

बंदराच्या तोंडाशी एक सागवानी क्रूस होता. दर शुक्रवारी तिथे लादीन व्हायची, म्हणजे सगळ्या गावाने मिळून म्हणायची प्रार्थना. ती संपली की जो तो पुढे होऊन क्रूसाचं चुंबन घेई. घटसर्प आला तशी लादीन रोज होऊ लागली. आजारी पोरांनाही खांद्यावर टाकून आणत. ज्यांचे ओठ क्रूसापर्यंत पोचत नसत, त्यांना सिस्टरबाय स्वतः उचलून धरी.

सात पोरं गेली. सातव्याला माती देऊन परतताना सिस्टरबाय वाटेतच थबकली. त्या सातांपैकी पाच जणांना तिने आपल्या हातांनी क्रूसापाशी उचललं होतं. खाडीपलीकडच्या पाड्यातले लोक मधे खाडी असल्यामुळे लादीनला येत नव्हते, आणि तिकडे एकही पोर आजारी नव्हतं. ती तिथेच बांधावर बसली. किती वेळ बसली ते कोणी सांगत नाही.

त्या संध्याकाळी ती क्रूसाला पाठ लावून उभी राहिली.

"आजपासून कोणी ओठ लावायचे नाहीत," ती म्हणाली.

लादीन सांगणारी म्हातारी रेमेदबाय पुढे सरसावली. तिच्या कडेवर चार वर्षांची नात होती, लुर्दी.

"अगो बाय, तू नन का कोण? सायबाला, खुद्द देवाला, शिवू नका म्हणतेस?"

"हात जोडा. लांबून. सायबाला लांबचंही दिसतं."

"घाटावरची बाय आमाला देव शिकवते!" मागून कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले.

"मग माझ्या लुर्दीला कोण राखील? तू?"

"मी राखीन," सिस्टरबाय म्हणाली. "तिला काही झालं तर मला या खाडीत ढकला."

तरी रेमेदबायने नातीला पुढे केलंच. तेव्हा सिस्टरबायने वळून क्रूसाला खांदा लावला. सहा गड्यांनी रोवलेला तो क्रूस तिने एकटीने उपसला, असं म्हणतात. तो खांद्यावर घेऊन ती ओहोटीच्या गाळातून चालत गेली आणि पार आत, खोल पाण्याच्या कडेला तिने तो रोवला. ती परत काठाला लागेपर्यंत भरती थांबून राहिली, असंही म्हणतात. मग पाणी चढलं, पुढच्या ओहोट्यांनाही तिथवर उतरलं नाही, आणि क्रूसापर्यंत कोणाला जाता येईना.

चौथ्या दिवशी लुर्दीला ताप भरला. सगळा गाव रेमेदबायच्या दारात जमला. सिस्टरबाय आली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तीन दिवस ते दार उघडलं नाही. आत ती पोरीचा घसा धूत होती की माफी मागत होती, आणि मागत असेल तर कोणाची, ते तिलाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी आतून पोरीचा आवाज आला. ती तांदळाची भाकरी आणि सुकट मागत होती.

"वाचलीस गो बाय," रेमेदबाय सिस्टरबायला म्हणाली. "खाडीचं पाणी लय गार असतं."

त्यानंतर गावात नवं कोणी आजारी पडलं नाही. नवव्या दिवशी गड्यांनी क्रूस परत आणला. रेमेदबायने पाणी उकळलं आणि तो आपल्या हातांनी धुतला.

सिस्टरबाय पुढे अठ्ठेचाळीस वर्षं त्याच गावात राहिली. तिने अर्ध्या गावाची नाळ कापली, पण कोणत्याही पोराला पुन्हा कधी क्रूसापाशी उचललं नाही. आजही भुईबंदरात लादीन संपली की लोक क्रूसापासून एक हात लांब थांबून वाकतात. त्या अंतराला गावात 'सिस्टरबायचा हात' म्हणतात. पोर पुढे धावलं तर आया म्हणतात, "हात सोड रे, सिस्टरबायचा हात सोड मधे."

नव्वदी उलटल्यावर एका संध्याकाळी, जपमाळ म्हणता म्हणता ती गेली. मेलेल्या माणसाच्या हाताचं चुंबन घेऊन त्याला निरोप द्यायचा, ही त्या गावाची जुनी रीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शवपेटी उघडी ठेवली होती. सगळा गाव रांगेने आला, आणि प्रत्येक माणूस एक हात लांब थांबला, वाकला आणि पुढे गेला.