मधलं पाणी

त्या मुलखात समुद्र एकच होता, आणि तो ओलांडायचा हक्क फक्त क्रौंचांना होता. दोन्ही तीरांच्या राजांचा तसा करारच होता. उडायचं ते अलीकडच्या उंच कड्यावरून, उतरायचं ते पलीकडच्या कड्यावर, आणि पाठीवर मुंग्या न्यायच्या त्या क्रौंचांनीच. मुंग्यांचं अर्धं गणगोत पैलतीरी. बिचाऱ्या लांबलांबून चालत कड्यापर्यंत यायच्या आणि नंबर लागेपर्यंत ताटकळायच्या.

बलाका ही क्रौंचांची म्होरकी. तिचा तोरा काही विचारू नका! पण तो फुकाचा नव्हता. समुद्राच्या मध्यावर वारा असा उलटा यायचा की भल्याभल्यांनी पंख मिटावेत. त्याला सगळे नुसतं ‘मधलं पाणी’ म्हणत, तेही आवाज खाली आणून. तिथून बलाकेची आई गेली, आजी गेली, आणि पाठीवरची एक मुंगी कधी खाली पडली नाही.

मग राजांचं मन पालटलं. कोणीही, कुठूनही, कुठेही उडावं, अशी दवंडी पिटली गेली. कलहंसांनी लगेच मुंग्यांच्या दारातून मुंग्या उचलायला सुरुवात केली. मधलं पाणी टाळून ते किनाऱ्याकिनाऱ्याने लांबचा वळसा घालत. पोचायला उशीर व्हायचा, पण कड्यापर्यंतची पायपीट वाचायची. मुंग्या खूश झाल्या.

बलाका मात्र कड्यावरून हलेना. मुंगीनेच आपल्याकडे यायचं, ही घराण्याची रीत. डबक्याडबक्यांत उतरणारे क्रौंच कोणी पाहिलेत का, असं ती फणकाऱ्याने विचारी. पाठी रिकाम्या राहू लागल्या. तरणे क्रौंच हंसांकडे जायची भाषा करू लागले. थवा फुटणार हे तिला दिसत होतं.

अशात डुंबरी नावाची बदकीण फेंगडत फेंगडत कडा चढून आली. गावोगावच्या तळ्यांवरून मुंग्या आणायचं काम तिचं, पण समुद्र तिच्या पंखांना झेपणारा नव्हता. कड्यापर्यंत मी आणते, पुढे तुम्ही न्या, असं तिने सुचवलं. मग जरा घुटमळून म्हणाली, “एक आहे, बलाकाबाई. त्या माझ्या नावावर निघतात. तुमच्या पाठीवर बसल्या तरी त्या बदकाच्याच. चालेल?”

क्रौंचांमध्ये एकच गहजब झाला. बलाकेने एकदा समुद्राकडे पाहिलं.

“नाव तुझं राहू दे,” ती म्हणाली. “मधलं पाणी आमचंच आहे.”

दुसऱ्या दिवशी थवा भरल्या पाठींनी उडाला. तळ्यावरून झोपेतच निघालेली एक म्हातारी मुंगी बलाकेच्या पिसांत घोरत होती. मध्यावर वारा आला तो थेट छातीवर. बलाकेने मान लांब केली, पुढची जागा घेतली आणि तरण्यांना आपल्या पंखांच्या आडोशाला घेतलं. त्या दिवशी तरणे जे शिकले, ते त्यांना कुठल्याच हंसाने शिकवलं नसतं. एकही मुंगी पडली नाही. बलाकेचा ऊर भरून आला.

पैलतीरी पाय टेकल्यावर म्हातारीला जाग आली. डोळे चोळत तिने विचारलं, “बदकताई, आलो का गं आपण?”

सगळा थवा श्वास रोखून म्होरकीकडे बघू लागला. बलाकेने आपली लांब मान होती तेवढी ताठ केली, घसा खाकरला आणि भर कड्यावर, जमेल तितक्या खणखणीत आवाजात म्हणाली, “क्वॅक.”