साळूचं बिऱ्हाड

करंजोळ्यात एकाही घरावर अजून कौल चढलं नव्हतं, सगळी छपरं गवताची होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात साळू सुतारीण राहायची. नवरा गेल्यावर तिनं त्याची हत्यारं कुणाला दिली नाहीत, स्वतःच हातात घेतली. ती खोडाला कान लावायची, कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकायची आणि झाड आतून किती कुजलंय ते सांगायची. झाडं तिच्याशी बोलत, असं म्हणतात.

गावच्या एकुलत्या एका विहिरीवर मोठी चिंच होती. एका वैशाखात तिच्यावर वीज पडली आणि खोड मधोमध उभं चिरलं. आमच्या शहाण्या गावानं काय करावं? त्याच दिवशी चिरेत तेल-शेंदूर भरला, नारळ फोडला आणि चिंचेची देवी करून टाकली! मग देवीवर कुऱ्हाड कोण चालवणार? तीन वर्षं शेंदराचे थरावर थर चढले. चौथ्या वर्षी एक फांदी कडाडली आणि पाणी भरणाऱ्या बायांच्या पुढ्यात कोसळली. घागरी चेपल्या, बाया थोडक्यात वाचल्या.

निम्मं गाव म्हणे तोडा, निम्मं म्हणे हात लावाल तर वंश बुडेल. शेवटी साळूला बोलावलं. ठोकता ठोकता दिवस कलला, तेव्हा ती म्हणाली, "उगवतीची बाजू मेलीया, ती काढायची. मावळतीची जिती हाय, ती ऱ्हाऊ द्यायची."

हा निवाडा कुणालाच रुचला नाही. गुरव पुढं आला. "साळूबाई, देवीच्या अंगावर कुऱ्हाड घालतीस?"

साळूनं लाकूड तासायच्या वाकसानं शेंदूर खरवडला, तसा आतून काळा भुगा गळायला लागला. "वारं लागलं असतं तर जखम सुकली असती. पोराचा गुडघा फुटल्यावर त्यात शेंदूर भरता व्हय?"

गुरव मागं सरला. पण सरूबाई नावाची म्हातारी उठली. "आन उरलेलं निम्मं पडलं तर गं? माझी सून रोज तिथं पाणी भरती."

आपला कान चुकला तर कुणाची तरी लेक-सून मरेल, ही भीती साळूलाही होतीच. ती म्हणाली, "मग आदी माज्यावर पडंल."

दुसऱ्या दिवशी तिनं मेलेली बाजू पाडली. सातच घाव घातले आणि तो अवाढव्य ओंडका विहिरीला वळसा घालून पलीकडच्या शेतात जाऊन निजला, असं म्हणतात. मग साळूनं आपली चूल, जातं, हत्यारं उचलली आणि उरलेल्या अर्ध्या चिंचेखाली बिऱ्हाड मांडलं.

त्या वर्षी असं वादळ आलं की गावातलं एकूण एक छप्पर उडालं. भिजलेलं गाव साळूकडे धावलं आणि गुरवासकट सगळंच्या सगळं त्या अर्ध्या चिंचेखाली मावलं. साळूच्या चुलीतला विस्तवही विझला नाही, असं म्हणतात. सरूबाईच्या सुनेनं त्याच चुलीवर सगळ्यांना पिठलं रांधून घातलं.

साळू मरेपर्यंत तिथंच राहिली. आता ती चिंचही नाही. पण करंजोळ्यात झाड चिरलं, मोडलं की अजून गाव जमतं आणि जो 'ठेवा' म्हणेल त्यानं आठ दिवस त्याच झाडाखाली राहायचं. याला साळूचं बिऱ्हाड म्हणतात.

परवाच शाळेतलं जांभूळ चिरलं. "ठेवू या की," हेडमास्तर बोलून गेले. नवखे होते बिचारे. कुणी वाद घातला नाही. दोघांनी त्यांची खुर्ची उचलून जांभळाखाली नेली, तिसऱ्यानं रीत समजावून सांगितली. मास्तरांनी एकवार वर पाहिलं, खुर्चीत बसले आणि डबा उघडला.