बत्ताशाच्या डोळ्याखालचा भोवरा

ऐका, आणि मध्ये कुणी हसू नका. मी सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी भाकरी जन्मभर तव्याला चिकटो, माझ्या दुधाला विरजण न लागो! बाईमाणसाकडे याहून मोठी शपथ नसते.

सावरखिंड नावाच्या गावी तेव्हा गवती महाराजांचा मुक्काम होता. माळ संपून खिंड सुरू होते तिथे वाळल्या गवताच्या ढिगावर महाराज बसायचे. अंगावर एक पंचा, बाकी काही नाही. कुणी लाडू आणला तर तो समोरच्या गाईच्या तोंडात जायचा, कुणी शाल आणली तर पहिल्या कुडकुडणाऱ्याच्या अंगावर.

त्याच गावात भिवा पखाले राहायचा. वरातीला घोडा द्यायचा हा त्याचा धंदा. घोड्याचं नाव बत्ताशा. पांढराशुभ्र, आणि चालीला असा हलका की वरचा नवरदेव डुलक्या घेऊ लागला तरी मुंडावळी हलायची नाही. अकरा वर्षं पंचक्रोशीतला झाडून सारा नवरदेव त्याच पाठीवरून मांडवात गेला. भिवाला ना बायको ना लेकरू. जे काही होतं ते चार पायांवर उभं होतं.

पण भिवाला दमा लागला. वैद्यबुवांनी नाडी बघितली, घर बघितलं, आणि अंथरुणापासून दोन हातांवर बांधलेला बत्ताशा बघितला. म्हणाले, "भिवा, ह्याच्या केसानं तुझा दमा उठतोय. तुझ्या घरात एक तर घोडा राहील, नाहीतर तुझा श्वास."

झालं. भिवा घोड्यासाठी घर शोधायला लागला. लेकीला स्थळ बघणाराही इतका संशयी नसतो. पहिला आला बाबूशेट वीटभट्टीवाला. "राजासारखा ठेवतो की तात्या," म्हणाला. भिवा उठून गेला आणि बाबूशेटनं बाहेर बांधलेल्या गाढवांच्या पाठीवरची गोणपाटं उचलून बघितली. परत येऊन म्हणाला, "शेट, तुमच्या राज्यात प्रजेची पाठ सोललीय."

दुसरा आला जत्रेत घोडी नाचवणारा. "पोटच्या पोरासारखा सांभाळीन."

"पोरं किती तुम्हाला?"

"चार."

"कुठं असतात?"

"पळून गेली," तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं की आता निघावं.

तिसरे आले रंगराव घारगे. आले म्हणजे घोडा घ्यायला नव्हे, घोडा न घेण्याजोगा आहे हे चार लोकांसमोर सांगायला. रंगराव गावातले मोठे बागायतदार. घोड्याच्या अंगावरचे भोवरे वाचण्यात त्यांचा हात धरणारा नाही, असं लोक म्हणायचे. लोक विसरले तर ते स्वतः म्हणायचे. मानेवरचा भोवरा शुभ, पाठीवरचा वाईट, सगळं तोंडपाठ.

"काय रे भिव्या," ते म्हणाले, "वरात नाही, लग्न नाही, आणि घोड्याच्या तोंडावर झालर कशाला?"

"माश्या बसतात, सरकार."

"माश्या? थंडीत?"

आणि त्यांनी काठीनं मोत्यांची झालर वर केली. बत्ताशाच्या डाव्या डोळ्याखाली, आसू गळतं नेमकं त्या जागी, केसांचा एक गोल भोवरा होता. आसूढाळ! असला घोडा ज्याच्या दारी, त्याच्या घरी रडारड, असं जुनं माणूस सांगतं. म्हणून तर कुणीतरी हे शिंगरू खिंडीत सोडून दिलं होतं. भिवानं ते उचलून आणलं, वाढवलं, आणि अकरा वर्षं झालरीखाली भोवरा झाकला.

गावात नुसता गोंधळ उडाला. ज्यानं त्यानं आपापल्या लग्नाची आठवण काढली. एक बाई म्हणाली, "तरीच म्हटलं, आमचे हे लग्न झाल्यापासून घोरतात." दुसरी म्हणाली, "सासू अशी का वागते ते आज कळलं बाई." नवरे बायकांकडे संशयानं बघायला लागले, बायका नवऱ्यांकडे, आणि सगळे मिळून भिवाकडे.

रंगरावांना मात्र हा पोरखेळ नव्हता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांची एकुलती लेक सुगंधा. तिचा नवरा याच घोड्यावरून मांडवात आला होता, आणि दोन वर्षांत विषमज्वरानं गेला. तेव्हापासून आठ महिने पोर माहेरी ओसरीवर बसून होती. तोंडातून शब्द नाही, डोळ्यातून टिपूस नाही. घास भरवला तर तोंडातच राहायचा. वैद्यबुवांनी सांगितलं होतं, ही रडली नाही तर आतल्या आत सुकून जाईल.

"माझा जावई तुझ्या ह्या जनावरानं खाल्ला," रंगराव म्हणाले. "उद्या दिवस मावळायच्या आत हा भट्टीवर गेला पाहिजे. नाही गेला, तर मी बंदूक घेऊन येतो."

भिवाला रात्रभर झोप नाही. दम्यानं नव्हे, संशयानं. बाबूशेटचा संशय घेतला, नाचवणाऱ्याचा घेतला; आता बत्ताशाकडे बघताना मनात यायचं, खरंच का रे तू तसा आहेस? आणि लगेच स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचा.

सकाळी तो घोडा घेऊन महाराजांकडे गेला. गंमत बघायला अर्धं गाव मागे, आणि सगळ्यांत पुढे रंगराव. "गवतावर बसणारा बुवा आणि गवत खाणारा घोडा," ते म्हणाले. "बघू, कोण कुणाला पोसतं."

भिवानं सगळं सांगितलं. महाराज म्हणाले, "खोटं बोललास का रे?"

"नाही महाराज. कुणी विचारलंच नाही."

"मग झालर कशाला बांधलीस?"

भिवा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. महाराजांनी ते पुढे ताणलं नाही. म्हणाले, "बरं, दे घोडा मला."

भिवानं दावं पुढे केलं, आणि पुन्हा मागे घेतलं. "महाराज, राग मानू नका. पण चारा काय घालाल?"

"ज्यावर बसलोय ते."

"ते संपल्यावर?"

"संपल्यावर बघू."

"आणि पावसात कुठं बांधाल?"

"मी भिजतो तिथंच."

"मग नको," भिवा म्हणाला. "तुम्ही देवमाणूस आहात, पण तुमच्याकडं गोठा नाही."

लोकांनी जिभा चावल्या. साक्षात महाराजांची चौकशी! रंगराव खो खो हसले. "भिकाऱ्यानं साधूची परीक्षा घेतली," म्हणाले.

पण महाराज त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले. इतके की गवताचा ढीग हलला. म्हणाले, "लोकांनी मला गाई वाहिल्या, शेळ्या वाहिल्या, एकानं तर सासरा वाहिला. वाहिलं की पाठ फिरवली. पुढं त्याचं काय झालं, हे विचारायला एक माणूस परत आला नाही. हा एकटा देण्याआधी विचारतोय. भिवा, ह्याचं घर मी शोधून देतो. लगाम काढ. ती झालरही काढ."

लगाम निघाला, झालर निघाली. उघड्या तोंडाचा बत्ताशा दिवसाउजेडी गावातून चालायला लागला, त्याच्यामागे महाराज, त्यांच्यामागे भिवा नाकाला उपरणं लावून. दारं धडाधड बंद झाली. कुणी उंबऱ्यावर मीठ टाकलं, कुणी फटीतून एक डोळा तेवढा लावला. ज्या घरांनी ह्याच घोड्यासमोर बँड वाजवला, त्याच घरांनी कड्या लावल्या. बत्ताशा कुठे थांबला नाही. थांबला तो थेट रंगरावांच्या फाटकात.

रंगराव मागून धावत आले आणि काठी उगारून आडवे झाले. "बत्ताशा, फिर माघारी," भिवा ओरडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा घोड्यानं त्याचं ऐकलं नाही.

महाराज शांतपणे म्हणाले, "रंगराव, तुमचं शास्त्र काय सांगतं?"

"हा ज्या दारात शिरेल तिथं आसवं वाहतील."

"शास्त्र खरं आहे," महाराज म्हणाले. "मग वाहू द्या की."

काठी उगारलेलीच होती, तेवढ्यात बत्ताशा रंगरावांच्या बगलेखालून मान घालून आत शिरला, ओसरीच्या तीन पायऱ्या चढला, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या सुगंधेच्या खांद्यावर त्यानं आपलं तोंड टेकवलं. आणि काय सांगू! तो डोळ्याखालचा भोवरा ओला झाला. डोळा कोरडा, आणि भोवऱ्यातून पाणी, झऱ्याला फुटावं तसं. पहिला थेंब तिच्या तळहातावर पडला. दुसरा पडला. तिनं हळूच मान वळवली.

"ह्याच्या डोळ्याला पाणी आलंय," ती म्हणाली. आठ महिन्यांत पहिला शब्द. "कुणी पुसत का नाही?"

तिनं पदरानं ते तोंड पुसलं. बोट त्या भोवऱ्यावर थांबलं. "मांडवाच्या दारात उतरल्यावर ह्यांनी झालर वर करून ह्याला साखर दिली होती. मला रात्री म्हणाले, तुमच्या गावचा घोडा जरा रडवा दिसतो, पण माणसापेक्षा शहाणा आहे."

नवरदेवानं बघितलं होतं. साऱ्या पंचक्रोशीत तेव्हा झालरीखाली बघणारा एकटा तोच होता, आणि त्यानं संशय न घेता साखर दिली होती.

मग सुगंधा रडली. घोड्याच्या गळ्यात हात टाकून, सकाळपासून दुपारपर्यंत रडली. शेजारणी कड्या काढून आल्या आणि त्याही रडल्या. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आई, भाकरी आहे का गं?"

ती भाकरी तिनं अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी बत्ताशाला दिली. रंगराव खांबाला धरून ते बघत उभे होते. मग ते पायऱ्या उतरले आणि अंगणात महाराजांच्या पायांवर पडले. पडताना पागोटं सुटलं ते थेट बत्ताशाच्या ताज्या लिदीत! पण त्यांना भान कुठलं.

"महाराज, मी जन्मभर केस वाचत बसलो," ते म्हणाले. "घोडा माझ्याकडं राहू द्या."

"माझा कुठंय तो?" महाराज म्हणाले. "मालकाला विचारा."

रंगराव वळले आणि उघड्या डोक्यानं भिवासमोर वाकले. काल बंदुकीचा धाक घालणारा माणूस! दुसरा कुणी असता तर विरघळला असता. भिवानं खोकत खोकत विचारलं, "गोठ्याचं तोंड कुठल्या अंगाला?"

"पूर्वेला, तात्या."

"हरभरा भिजवून घालता का कोरडाच?"

"भिजवून."

"आणि काठी?"

रंगरावांनी हातातली काठी गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे भिवाच्या पायाशी ठेवले. तेव्हा कुठे भिवानं दावं त्यांच्या हातात दिलं. महाराज तोवर माळाकडे निघूनही गेले होते.

बत्ताशा तिथेच राहिला, म्हातारा होईपर्यंत. भिवाचा दमा बसला, संशय मात्र बसला नाही. रोज सकाळी तो कुंपणापाशी उभा राहून, नाकाला उपरणं लावून, घोड्याच्या बरगड्या दिसतात का ते बघायचा. सुगंधा आतून हाक मारायची, "भिवाकाका, चहा घेऊन जा." आणि तो म्हणायचा, "आधी ह्याचं पाणी दाखव."

आता शपथ घेतलीय म्हणून एवढं सांगून टाकते, नाहीतर रात्री भाकऱ्या चिकटतील. रंगरावांचं पागोटं पडलं हे खरं, पण ते बाजूला स्वच्छ फरशीवर पडलं होतं. लीद तेवढी माझ्या पदरची.